टाइल्सच्या फिल्मवरचं नाव

पुण्यात आम्ही कॉलेजची पोरं फिल्म सोसायटी चालवायचो, तेव्हा एका युरोपियन दिग्दर्शकापायी मी दोन मित्रांशी बोलणं टाकलं होतं. त्याचे सिनेमे म्हणजे शिक्षा आहे, असं ते म्हणायचे. जन्मभरात त्याने मोजके चार सिनेमे केले, तेही कुठल्या स्टुडिओची पायरी न चढता. एकात तर एक म्हातारी बंद शाळा झाडून काढते, एवढंच होतं. हा माणूस कुणापुढे वाकणार नाही, असं मला वाटायचं.

गेल्या हिवाळ्यात तो आमच्या टाइल्सची जाहिरात करायला दुबईजवळ रास अल खैमाला, आमच्या फॅक्टरीवर आला. कंपनीचं मार्केटिंग माझ्याकडे आहे. पाचव्या सिनेमाला पैसा मिळेना, म्हणून तो गल्फमध्ये अशी कामं घेत होता. जाहिरात एजन्सीने त्याचं नाव सुचवलं आणि मी लगेच हो म्हटलं. आनंदाने नाही, रागाने.

त्याने काम उरकून टाकलं असतं तर माझा राग कदाचित निवळला असता. पण तो फॅक्टरीत दिवसभर उभा राहिला आणि भट्टीचा एक लांबलचक शॉट घेऊन आला. उष्णतेने हवा थरथरते आहे, टाइल्स एकामागून एक बाहेर येत आहेत, कॅमेरा हलत नाही. शॉट सुंदर होता. मी तसं बोललो नाही.

आमचे मालक रत्नागिरीचे. दुबईत जुमेरा लेक टॉवर्सच्या ऑफिसात त्यांनी फिल्म पाहिली.

"अरे, लग्नाच्या व्हिडिओत नवरीवर पण एवढा वेळ थांबत नाहीत! ही भट्टी काढ. यल्ला, चल लवकर."

मी शॉट कापायला लावला. दिग्दर्शक दुसऱ्याच दिवशी माझ्या केबिनमध्ये आला.

"शॉट कापा, पैसे तुमचे आहेत," तो म्हणाला. "पण मग माझं नावही काढा. पाचव्या सिनेमासाठी मी या नावावर दारं ठोठावतोय. दुसरं काही उरलेलं नाही माझ्याकडे."

"हे काम घेताना आठवलं नाही का नाव?"

"तुमचा माझ्यावर एवढा राग का?"

"तुमच्यासाठी मी मित्र तोडलेत."

"मी सांगितलं होतं?"

नावाचं मालकांना विचारून सांगतो, म्हणालो. आणि खरंच विचारलं.

"काढ की," मालक म्हणाले. "मेल्याला कोण ओळखतो इथे?"

"राहू दे, भाई," मी म्हणालो. "गोऱ्याचं नाव आहे, जरा स्टँडर्ड दिसतं."

"बरं, ठेव मग. खलास."

त्याला मी मेल केला की मालक ऐकत नाहीत.

दुबईच्या प्रदर्शनात आमच्या स्टॉलवर ती फिल्म दिवसभर फिरत होती. आधी चकचकीत बाथरूम, मग एक हसरं कुटुंब, आणि शेवटी मोठ्या अक्षरांत त्याचं नाव. लोक चौरस मीटरचा भाव विचारून पुढे जायचे. दुपारी एक गोरी बाई थांबली. तिने फिल्म पुन्हा पहिल्यापासून पाहिली आणि मला विचारलं, "हे नाव... हा तो नव्हे ना? त्याच नावाचा दुसरा कुणी असेल."

बाईंनी उत्तरही तयार करून दिलं होतं. मी नुसती मान डोलवली असती तरी भागलं असतं.

"तोच," मी म्हणालो. "हल्ली हेच करतो."

"अरेरे," ती म्हणाली. नाव परत स्क्रीनवर येईपर्यंत ती थांबली, मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि तिथेच उभी राहून तो कुणाला तरी पाठवला. मी तिला आमचा कॅटलॉग दिला.