कूलरसमोरचा कम्प्युटर

मे महिन्यात वर्ध्यात कूलरची हवा कुणाला मिळावी यावरून घरोघरी कुरबुरी होतात. आमच्या पिपरी मेघेच्या घरात तो मान मी कम्प्युटरला दिला होता. माणूस आपला घाम पुसू शकतो, यंत्राचा कोण पुसणार, असं माझं म्हणणं. वाळ्याच्या ताटीतून येणारी गार हवा थेट त्याच्या डब्याच्या पाठीला लागेल असा कूलर मी वळवून ठेवला होता. मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, ओली हवा आत जाऊन राह्यली." मी ते हसण्यावारी नेलं.

ती आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. मोठे नकाशे उघडायला फार वेळ लागतो म्हणून तिने नवं ग्राफिक्स कार्ड आणलं आणि स्वतःच बसवलं. दोन दिवस झकास चाललं. तिसऱ्या दुपारी फट् असा आवाज आला, पडदा काळा झाला आणि खोलीत जळका वास पसरला. नकाशे जमा करायला चार दिवस उरले होते. वर्षभराचं काम त्याच डब्यात होतं, दुसरी प्रत नव्हती.

मी तिच्यावर खेकसलो. "तुले काय घाई झालती? चालत्या मशीनचं वाटोळं केलं."

तिने नवं कार्ड काढून पाहिलं, तरी डबा मुकाच. मग तिने एसएमपीएस सोडवला, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्या भागांना वाटणारी पेटी. मोबाइलवर बघून तिच्या हिरव्या आणि काळ्या वायरमध्ये तारेचा तुकडा अडकवला. पेटी धड असती तर तिचा पंखा फिरला असता. तो हलला नाही. मी शेजारी उभा राहून मनात तिलाच दोष देत होतो.

पेटी घेऊन आम्ही बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं, की हिच्या कार्डाचा भार झेपला नाही. त्याने झाकण काढलं आणि पेटी माझ्यापुढे धरली.

"कार्डाचं नाई काका. आतून गंजली हे. डब्बा कूलरसमोर ठेवत होते काय?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी "हो" म्हणालो तेव्हा माझे कान तापले होते.

घरी येऊन तिने नवी पेटी जोडली. पडदा उजळला, एकेक नकाशा उघडत गेला, आणि मी खुर्चीत टेकलो. माफी मागायची होती. पोरीची माफी मागायची सवय नव्हती, म्हणून तोंडून "चहा टाकू का?" एवढंच निघालं.

ती उठली. कूलर कम्प्युटरवरून वळवून तिने माझ्या खुर्चीकडे केला. "बसा तुम्ही हवेत," म्हणाली, आणि ओढणीने कपाळ पुसत पुन्हा नकाशाला लागली.

त्या गार हवेत मला बसवेना.