बाप कुठेच नाही

जर्मनीत जाऊन जुन्या जर्मानिक भाषा शिकणार, असं लेकीने जाहीर केलं, तेव्हा मला वाटलं, ऊन लागलं असेल. इथे आखातात, अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगमधली मुलं कॉम्प्युटरला जातात, नाहीतर मेडिकलला. मेलेल्या भाषांकडे कोणी फिरकत नाही. तिला अठरा वर्षं पूर्ण व्हायची होती, त्यामुळे अर्जावर आईबाप दोघांची सही हवी होती. बायकोने केव्हाच केली होती. अडलं होतं माझ्यापाशी.

"शिकणार काय, नमुना तरी दाखव," मी म्हणालो.

तिने ‘मूल’ या अर्थाचे जुने शब्द काढले आणि नेहमीप्रमाणे इंग्रजीत समजावले. ‘चाइल्ड’चं नातं गर्भाशयाशी. ‘बार्न’ म्हणजे पोटात वाहिलेलं.

"यात बाप कुठाय?"

"नोव्हेअर, बाबा."

बायको नको तितकं गोड हसली. मी तापलो. व्हिसावर स्पॉन्सर मी, एमिरेट्स आयडीसाठी खेटे घालणारा मी, आणि या लोकांकडे माझ्यासाठी एक अक्षर नाही! "खलास! सही नाही," मी सांगून टाकलं. खरं तर ती गेल्यावर घर खायला उठेल, याची मला धास्ती वाटत होती. पण ते कबूल करण्यापेक्षा रुसून बसणं सोपं होतं.

दोन दिवस बोललो नाही. डबा मात्र दिला. बायको पहाटेच अबू धाबीच्या बसने ऑफिसला जाते, म्हणून पहिलीपासून डब्याचं खातं माझ्याकडे. तूपसाखर लावून पोळीची गुंडाळी करायची आणि ओरडायचं, "यल्ला, बस आली!"

तिसऱ्या सकाळी ती ओट्याशी आली. "बाबा, आय फाउंड यू! ओल्ड इंग्लिशमध्ये ‘फोस्टर’ मीन्स फूड. सो, फोस्टर-चाइल्ड. द वन यू फीड."

"म्हणजे बापाचं मूल!"

ती चाचरली. "टेक्निकली... समबडी एल्सेस चाइल्ड."

"चालेल," मी म्हणालो आणि तिथेच सही ठोकली. कागदावर तुपाचं बोट उमटलं. दुसरी प्रिंट काढू म्हटलं, तर ती नको म्हणाली. तोच कागद जर्मनीला गेला आणि मागोमाग तीही.

तिकडून पहिला फोन आला, तेव्हा भाषांचं विचारायचं मी ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "जेवलीस का?"



"नाही ना, बाबा," ती चक्क मराठीत म्हणाली.