मैदालकडीची पट्टी

वडशापलीकडच्या त्या गावात हात-पाय मोडलेला माणूस आधी रुखमाबाईंच्या ओसरीवर येई. मैदालकडीची साल वाटून त्या लेप देत, वर बांबूच्या कामट्या बसवून पट्टी आवळत. साल कशी काढायची, याचा नेम सासऱ्यांनी घालून दिला होता: एकाच अंगाने, बोटभर रुंद, आणि झाडाच्या जखमेवर लगेच शेणमाती.

तीन वर्षांपूर्वी ट्रॅक्टर उलटून पाच जण एकदम आले. त्या घाईत रुखमाबाईंनी हातभर साल सोलली आणि शेणमाती लावायची राहून गेली. उघड्या जखमेतून बुरशी शिरली. यंदाच्या पावसाळ्यात त्या झाडाच्या बुंध्यावर तपकिरी, लाकडासारखी टणक अळंबी दिसू लागली. उदबत्तीच्या धंद्यापायी सोललेली रानातली इतर मैदालकडीची झाडे केव्हाच वाळली होती. हे एकच उरले होते.

वडशाच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारी गावची संघप्रिया झाड पाहायला आली, तेव्हा बाई विळ्याने अळंबी खरवडत होत्या.

"मावशी, खरवडून काही होत नाही. हे नुसतं बुरशीचं फळ आहे. बुरशी आत पसरली."

"हिचा थाट पाह्य! आंब्यावर हेच, मोहावर हेच, सडक्या ओंडक्यावरही हेच. हिले हजार घरं हायेत. माह्या झाडाचं दुसरं घर कुठी हाय?"

"ती नसती तर मेलेलं लाकूड मातीत मिसळलंच नसतं. तिचा गुन्हा नाही."

"नाई. गुन्हा माहा हाय."

संघप्रियाने वरच्या फांद्या न्याहाळल्या. मग तिने समजावले: झाड मादी आहे, जवळपास नर उरला नाही, म्हणून बी धरत नाही. वरच्या निरोगी फांदीला गुटी बांधली तर मुळे फुटतील, रोप वेगळे करता येईल. मात्र त्यासाठी फांदीची साल कड्यासारखी काढावी लागेल.

बाईंनी विळा खाली ठेवला. बुरशी दिसल्या दिवसापासून या झाडाच्या जिवंत सालीला त्यांनी लोखंड लावले नव्हते. आलेल्यांना त्या सरकारी दवाखान्यात पाठवत.

"आणखी सोलू म्हणतेस इले?"

"तुमच्याइतका साफ हात इथं कोणाचा आहे?"

"लोणी लावू नको, पोरी. शिडी आण."

त्यांनी बोटभर रुंदीचेच कडे काढले. ओली माती थापली, संघप्रियाने दिलेले प्लास्टिक गुंडाळले, त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी आवळली आणि फांदीला दोन कामट्यांचा आधार दिला.

"महिनाभर हालवू नको, सांगतो मी लोकायले," त्या फांदीला म्हणाल्या. "तुले तं वाराच हालवते."

खाली उतरल्यावर त्यांनी शेणमाती कालवली आणि तीन वर्षांपूर्वीच्या जखमेवर लावली. उशीर झाला होता, हे त्यांना ठाऊक होते; तरीही कडेपर्यंत, बोटांनी दाबून दाबून लावली.