उर्सुलाबायचा मांडव

गोराईच्या पुढे जमिनीचं एक टोक समुद्रात घुसलंय. वर उर्सुलाबायची वांग्यांची वाडी, खाली कोळीवाडा. तिथं वारा असा, की ओरडल्याशिवाय बोलणं ऐकू जात नाही. म्हणून बायचा आवाज मोठा, असं तिचा नवरा पॉल सांगायचा. साफ खोटं. बोरिवलीच्या बाजारातही ती तशीच बोलायची.

कोळीवाड्यातल्या जानकीशी तिचं हाडवैर, तेही बोंबलांवरून. जानकी टोकावर बांबू रोवून दोऱ्यांवर बोंबील वाळत घालायची आणि वारा तो वास थेट बायच्या घरात आणून सोडायचा. ताटात बोंबील पडला की हीच बाय बोटं चाटायची, ती गोष्ट वेगळी.

शहाऐंशीच्या जानेवारीत बायच्या लेकीचं, इनेझचं, लग्न ठरलं. सासर मरोळचं, तालेवार. पोरीला कुणी खेडवळ म्हणून हिणवू नये, एवढाच बायला घोर. टोकावर मांडव शेजारीपाजारीच घालायचे, वर झावळ्या टाकून. बायनं ती रीत मोडली आणि बोरिवलीचा मंडपवाला आणला. रंगीत कापड, झालरी, सगळं झकास! पण वाऱ्यात कापडाचं शीड होतं, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? लग्नाच्या आदल्या दुपारी अख्खा मंडप उडून वांग्यांत जाऊन पडला. पाहुणे सकाळी यायचे होते. बाय ओट्यावर बसून ढसाढसा रडली.

तिचं रडणं खाली ऐकू गेलं असणारच. जानकी वर आली, तिनं दोऱ्यांवरचे अर्धवट सुकलेले बोंबील टोपल्यांत भरले आणि ती बांबू उपटायला लागली. मागून कोळी आले. त्यांनी खडकांच्या फटींत बांबू ठोकले, होडीच्या दोरांनी आवळले, वर झावळ्या घातल्या.

"आणि तुझे बोंबील गं?" बायनं विचारलं.

"कुजतील. पोर काय रोज जाते सासरी?"

दुसऱ्या दिवशी मांडव जागचा हलला नाही, पण बांबूंचा वास कुठे जातोय? वरमाईनं नाकाला रुमाल लावला आणि हा वास कसला, असं विचारलं. इनेझनं मान खाली घातली.

बायनं मागे उभ्या असलेल्या जानकीचा हात धरला आणि तिला पुढच्या खुर्चीवर बसवलं.

"आमच्या मांडवाचा," ती म्हणाली, नेहमीच्याच मोठ्या आवाजात. "आमच्याकडे असाच असतो."