पान उलटून बघणारे मामा

मामांना कुठलंही पान दिसलं की ते आधी उलटं करून बघत. कोपरीच्या आमच्या गॅलरीतली तुळस, आईने आणलेली मेथीची जुडी, इतकंच काय, माझ्या लग्नात पंगतीला मांडलेलं केळीचं पानसुद्धा. आई कपाळावर हात मारून घ्यायची. ते शांतपणे म्हणत, "अगं माई, रोग खालच्या अंगाला बसतो. वरून सगळी पानं हिरवीच."

वाइनच्या द्राक्षांच्या दोन बागा होत्या त्यांच्या. दिंडोरीची वडिलोपार्जित आणि पलूसची मामीच्या माहेरची. दोन्हींत रासायनिक औषधाचा थेंब नाही. शेण, गोमूत्र, मोरचूद-चुना आणि स्वतःची पायपीट. दिंडोरीची थंडी पलूसला नाही, त्यामुळे इकडचं शहाणपण तिकडे चालायचं नाही. एका बागेतून दुसरीकडे जाताना ते वाट वाकडी करून आमच्याकडे उतरत. पिशवीत दोन्हीकडच्या द्राक्षांची एकेक बाटली असे. आई ग्लास देत नसे, म्हणून स्टीलच्या दोन वाट्यांत घोटघोट ओतत. आई तरातरा जाऊन देवघराचं दार लावायची.

"माई, दारू म्हणू नकोस. या डाव्या वाटीत तुझी वहिनी आहे."

हे ऐकलं की आई ते दार पुन्हा उघडायची. मामीला जाऊन बरीच वर्षं झाली होती. जाताना तिने एवढंच मागितलं होतं, "माझ्या बागेत विष घालू नका."

मामांचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा मी डोंबिवलीतली नोकरी सोडली आणि महिन्यातले पंधरा दिवस पलूसला राहू लागले. पहिल्याच वर्षी, घड फुलोऱ्यात असताना, चार दिवस पाऊस लागला. पानं उलटली तर खाली पांढरी बुरशी. मामा दिंडोरीत, त्यांचा फोन लागेना. शेजारचे अण्णा म्हणाले, "ताई, उद्या बघायला घड ऱ्हायचा न्हाई. औषध मारा." त्यांच्याकडूनच औषध घेतलं आणि मारलं. बाग वाचली.

मामा आले. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. माझ्याकडे बघितलं आणि बांधावर बसून राहिले.

"मामा, कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना. मग झालं."

सेंद्रिय शेतीचा दाखला देणाऱ्या तपासनिसाला त्यांनी स्वतःच बोलावून सांगितलं. दाखला गेला. आता पुन्हा तीन वर्षं औषधाशिवाय काढायची, तेव्हा नवा मिळणार. मी रडले, तर म्हणाले, "वेलीला तीन वर्षं म्हणजे काय गं? चल, खालची ओळ बघायची राहिलीये." त्यानंतर त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

तिसऱ्या वर्षाची छाटणी त्यांनी पाहिली. तोडणीला ते नव्हते.

दाखल्यासाठी तपासनीस आला, तेव्हा मी मामांची फवारणीची वही प्रथमच उघडली. मी औषध मारलं त्या दिवसाच्या पानावर त्यांचं वाकडं अक्षर होतं. फवारणी कोणी केली, तर 'मी'. कारण काय, तर 'घाबरलो'.

मामा पावसाला जन्मात घाबरले नव्हते. ते गेले तेव्हासुद्धा मी इतकी रडले नसेन.

"हे मामांनी नाही, मी केलं होतं," मी तपासनिसाला म्हटलं.

"जाऊ द्या ना मॅडम, तीन वर्षं झाली. आता कोण बघतंय?"

मी त्याचं पेन मागून घेतलं आणि मामांच्या ओळीखाली माझं पूर्ण नाव लिहिलं.