टेबलावरची बोटं

मृणाल आणि समीर आज आमच्या फर्मचे भागीदार झाले. नाटक कंपन्या, संगीत मंडळं, छोटी संग्रहालयं यांना कारभाराचा सल्ला देणारी आमची फर्म. नव्या भागीदारानं त्या दिवशी ऑफिसात आपली कला सादर करायची, ही आमची जुनी पद्धत. माझ्या वेळी मी बासरी वाजवली होती. त्यानंतर ती फारशी बाहेर निघाली नाही.

मृणाल तबला वाजवायची. सकाळी मी आठवण करून दिली, तर म्हणाली, "नको ना सर, रियाज सुटलाय. हात चालत नाही आता."

"मग माझ्या कविताही राहू द्या," समीर हसून म्हणाला. पेढे वाटून झाले आणि तो पुढच्या कामांबद्दल बोलायला लागला.

तेव्हा माझं लक्ष गेलं. मृणालची बोटं टेबलाच्या कडेवर चालली होती, अगदी हलकी, आवाज न करता. डोळे समीरकडे, आणि बोटं मात्र सम गाठायला निघालेली.

कलेची जाण असलेली माणसं हवीत म्हणून आम्ही अशांनाच शोधून आणतो. चांगलं काम करतात म्हणून वर नेतो, आणि मग मीटिंगा, दौरे, अहवाल. बाकीच्या कलाकारांचं नीट चालावं म्हणून आम्ही आमचे एकेक कलाकार खर्ची घालत आलो.

सम यायच्या आतच समीरचं बोलणं संपलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मृणालनंही टेबलावरचे हात उचलले आणि टाळ्या वाजवल्या.