गवतातली मोकळी जागा

माझ्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात दोन तरुण एका कॉमिकवर ओणवे होऊन भांडत होते. "गोष्ट लिहिणाराच मोठा," एक म्हणाला. "हट्! चित्रं काढून टाक आणि मग वाच तुझी गोष्ट," दुसरा म्हणाला. त्याचं बोट वडाच्या पारंब्यांवरून हळूहळू खाली उतरत होतं. मी त्या बोटाकडे बघत राहिलो. त्या पारंब्या मी काढल्या होत्या.

पारंब्यांखालच्या गवतात मी बारीक सही दडवायचो. प्रकाशक छापण्याआधी तिच्यावर पांढरा रंग फासायचा, आणि गवतात तेवढीच जागा मोकळी राहायची. पैसे दिले की चित्र आमचं, असं तो म्हणे. चित्र विकलं होतं, कबूल. नाव मी विकायला काढलंच नव्हतं. आपल्याकडे साध्या वाटीवरसुद्धा नाव घालून घेतात, पंगतीत हरवू नये म्हणून. मग मी काढलेल्या आख्ख्या जंगलावर का नको?

म्हणून हाती येईल त्या प्रतीत, त्या मोकळ्या जागेत, मी आता शाईने सही करतो. त्या दिवशीही त्या दोघांसमोरच पेन काढलं आणि त्या कॉमिकवर सही केली.

"अहो काका, काय करताय! संग्रहाला कोरी प्रत लागते," पारंब्यांवर बोट फिरवणारा कळवळला.

"चित्र आवडलं ना? मग चित्रकारासकट न्यायचं. भावात घासाघीस कर, यात नाही."

त्याने पुस्तक खाली ठेवलं. ठेवू दे. पेनाला टोपण न लावता मी पुढची प्रत उघडली.